एका ‘मान्य’साठी वर्धा

भिलाईच्या हुडकोतल्या मराठी मंडळाच्या हॉलात भजन रंगात आलं होतं आणि बाहेर व्हरांड्यात सूर्यकांत भुसारी स्टूलवर चढून विजेच्या मीटरकडे बघत होते. मीटर पळत होतं. एक पेटी, दोन टाळ आणि चार ट्यूबलाइट एवढ्यावर चालणाऱ्या भजनाला मीटरनं असं पळायचं काही कारण नव्हतं. भुसारींची सारी नोकरी स्टील प्लांटच्या ऊर्जा-बचत विभागात गेली होती. रिटायर झाल्यावरही कोणाच्या घरी गेले की त्यांची नजर आधी पंख्याकडे जायची आणि मग माणसांकडे. सेक्टर ६ मध्ये तर त्यांना फाटकातून येताना पाहिलं की लोक उठून अंगणातला दिवा बंद करत, आणि मगच ‘या, बसा’ म्हणत.

ते स्टूलवरून उतरले आणि मागच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी गरम हवा तोंडावर आली. आत चार जुने कॉम्प्युटर घोंघावत होते आणि त्यांच्या मधोमध अनिमेष बनियनवर बसला होता.

अनिमेष देशकर हा मंडळाचा सचिव. बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवायचा.

“हे काय करून राहिले?” भुसारींनी कॉम्प्युटरांकडे बोट दाखवलं.

“नोंदी लिहून राहिले, काका. एक कोडं असते. जो पहले सोडवेल त्याले नवी नोंद लिहायचा मान.”

“आणि बाकीचे तीन?”

“ते हारतात.”

“हारून पण वीज खातात?”

“हाओ. सब बराबर खाते हैं.”

भुसारी काही बोलणार तेवढ्यात फट् असा आवाज झाला. दिवे गेले, पंखे थांबले, माइक मेला आणि हॉलातला अभंग अर्ध्या ओळीवर लटकला. त्या अंधारात एकच आवाज स्पष्ट ऐकू आला. तो शेषराव गावंड्यांचा होता. “मी आधीच म्हटलं होतं.”

शेषराव हे दुर्ग लाइनवरचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. काहीही बिघडलं की त्यांनी ते आधीच म्हटलेलं असायचं, आणि काही सुधारलं तर त्यात त्यांना गडबड दिसायची. भुसारींचं आणि त्यांचं भांडण असं कधी झालं नव्हतं. एवढंच, की मंडळाच्या कोणत्याही बैठकीत भुसारींच्या कोणत्याही ठरावाला शेषरावांनी आजवर हात वर केला नव्हता. एकदा भुसारींनी शेषरावांच्याच सत्काराचा ठराव मांडला होता. त्यालाही नाही.

आता ही सगळी वीज ज्यासाठी जळत होती ती गोष्ट सांगायला हवी. मंडळानं स्वतःचं एक नाणं काढलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं तर्री. नाव पोह्यावर ओततात त्या झणझणीत रश्श्यावरून आलेलं, पण नाणं फोनमधलं. रुपयांशी त्याचा संबंध नव्हता. कोणी कोणासाठी तासभर काम केलं, नातवाला गणित शिकवलं, साडीला फॉल लावून दिला, आजाऱ्याजवळ बसलं, की त्याला एक तर्री मिळायची. मग आपल्याला गरज पडली की ती खर्चून दुसऱ्याला बोलवायचं. हे सगळं एका रजिस्टरात लिहावं असं आधी ठरलं होतं. पण रजिस्टर कोणाच्या घरी राहील यावर बैठकांमागून बैठका झाल्या. मंडळात कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. तेव्हा अनिमेषनं सांगितलं की नेमकं अशाच लोकांसाठी एक तंत्र निघालेलं आहे. हिशेब सगळ्यांच्या फोनमध्ये सारखाच राहतो आणि एकट्याला त्यात खाडाखोड करता येत नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो, की नवी नोंद खरी आहे हे सगळ्यांच्या वतीनं कोणी ठरवायचं. ते ठरवण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत, आणि अनिमेषनं त्यातली सगळ्यात जुनी, भक्कम आणि खादाड पद्धत उचलली होती.

भुसारींनी त्याच अंधारात उभं राहून जाहीर केलं, “तर्री राहील. पण ती झीरोच्या बल्बपेक्षा जास्त वीज खाणार नाही. हे मी पाहतो.”

“तुम्ही पाहताच,” मीनल, म्हणजे सौ. भुसारी, टाळ पिशवीत भरत म्हणाल्या. “नोकरीत होते तेव्हा बरं होतं. तो त्रास प्लांटले होता.”

पहिली अडचण आली ती कागदाची. हॉलावर मंजूर भारापेक्षा जास्त भार पडला होता, म्हणून वीज कार्यालयातून बोलावणं आलं. भुसारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, “प्रयोजन क्या लिखूँ?”

“संगणकांची आपसातली सहमती,” भुसारी म्हणाले.

बाबूनं पेन खाली ठेवलं. “सर, यहाँ दुकान है, वेल्डिंग है, आटाचक्की है. सहमती नहीं है.”

भुसारींनी त्याला कोडं, मान, हारणारे तीन कॉम्प्युटर असं सगळं समजावून सांगितलं. मागे रांग वाढली. रांगेतल्या दोघांना विषयात रस वाटला आणि त्यांनी शंका विचारल्या. भुसारींनी शंकांचंही निरसन केलं. शेवटी बाबू म्हणाला, “मतलब मशीन घूम रही है और कुछ पीस रही है,” आणि त्यानं आटाचक्की लिहून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या दारात गव्हाचे डबे घेऊन बाया उभ्या राहिल्या. हुडकोत जवळपास चक्की नव्हती आणि बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाठोपाठ तपासणीला साहेब आले. त्यांना चक्की सापडेना. चक्की नसताना चक्कीचा भार कसा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. भुसारींनी पुन्हा कोड्यापासून सुरुवात केली. साहेबांनी घड्याळात पाहिलं, जादा भाराची लाइन कापली आणि निघून गेले. अशा रीतीनं पहिली पद्धत संपली. ती आपण तत्त्वासाठी बंद केली असं भुसारी पुढे सांगत असत, आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

भुसारी आता इरेला पेटले. अनिमेषला समोर बसवून त्यांनी एकेक पद्धत समजून घेतली आणि दुसरी निवडली. हिच्यात कोडं नाही, कॉम्प्युटर नाही. ज्याच्याकडे तर्री जास्त, त्याचा शब्द मोठा. त्यानं आपल्या फोनवर ‘मान्य’ दाबलं की नोंद पक्की. नोंद खोटी निघाली तर त्याचीच तर्री कापायची, म्हणून तो खोटं करणार नाही. वीज लागते ती फोनपुरती. हे सगळं फोन आपोआप करू शकतो असं अनिमेषनं सुचवून पाहिलं, पण फोनवरही मंडळाचा विश्वास नव्हता. बटण माणसानंच दाबायचं ठरलं. ठराव पास झाला. शेषरावांचा हात खाली होता.

तर्री जास्त कोणाकडे होती हे मात्र ठराव पास होईपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं. ती सिंधुताई ठवकरांकडे होती, आणि थोडीथोडकी नव्हे, सगळ्या मंडळाच्या निम्म्याहून जास्त. सिंधुताई गेलं वर्षभर फॉल-पिको, लोणची, दुसऱ्यांची नातवंडं सांभाळणं असं सतत काहीतरी करत होत्या आणि बदल्यात त्यांनी कधी कोणाला बोलावलं नव्हतं. आता प्रत्येक नोंद त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांनी हे काम फार मनावर घेतलं. नोंद आली की त्या दोन्ही पक्षांना फोन करायच्या.

“तुम्ही सोनकुसरेच्या पोराले तासभर शिकवलं म्हणता. मधात चहा झाला होता का?”

“झाला होता.”

“मग तो तास कसा झाला? पाऊण लिहा.”

भुसारींनी एकाच्या स्कूटरचा प्लग साफ करून दिला होता. ती नोंद सिंधुताईंनी तीनदा परत पाठवली, कारण स्कूटर अजूनही पहिल्या किकला उठत नव्हती. भुसारींना हे लागलं. पण मीटर शांत होतं, आणि त्या शांततेसाठी ते अपमान गिळायला तयार होते.

मग सिंधुताई भाचीच्या लग्नाला वर्ध्याला गेल्या. लग्नघरात फोन हरवतात म्हणून यजमानांनी पाहुण्यांचे फोन एका कपाटात ठेवून कुलूप लावलं. इकडे तर्री जागच्या जागी थांबली. नोंदी साचत गेल्या. भुसारी म्हणाले, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तो दोन-चार दिवसांचा प्रश्न नाही हे त्यांना दुर्गच्या पद्मनाभपुरात, मंडळाच्या सदस्य मनकर्णाबाईंच्या घरी कळलं.

मनकर्णाबाई एकट्या राहायच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि रायपूरच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सोबत माणूस असल्याशिवाय हॉस्पिटल दाखल करून घेत नव्हतं. बाईंनी याच दिवसासाठी तर्री जमवली होती. वर्षभर त्या लोकांच्या आजाऱ्यांजवळ बसल्या होत्या. ‘सोबतीला माणूस हवा’ अशी नोंद त्यांनी टाकली होती. ती त्यांच्या फोनवर लाल अक्षरात तशीच उभी होती, आणि तारीख परवाची होती.

“मी येतो न तुमच्या संगं,” भुसारी म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“नोंद हिरवी झाली?”

“ती होईल मागून.”

“मग मागूनच जाऊ,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर मुरमुऱ्याचा चिवडा ठेवला. “मी फुकटचं घेत नाही, भाऊ. मालक गेले तेव्हा सारेच यायचे, आम्ही करतो म्हणायचे. महिनाभर आले. मग मी फोन केला का, त्यायचा आवाज बदलून जाय. मले तो आवाज नाही ऐकायचा आता. माझी तर्री आहे, ती कटू द्या. मग माणूस हक्कानं नेईन.”

भुसारींनी तारीख पुढे ढकलायचं सुचवलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची होती. बाई चिवड्याची वाटी त्यांच्याकडे सरकवताना ती त्यांच्या हातात न देता हाताच्या जरा बाजूला ठेवत होत्या, आणि भुसारींच्या लक्षात आलं की त्यांना हात नीट दिसतच नाहीये.

तिथून ते तडक अनिमेषकडे गेले. “जुनी पद्धत एक दिवस चालू कर.”

अनिमेषनं मान हलवली. “लाइन कटलेली आहे, काका. और वैसे भी, पद्धत बदलायची असली तर निम्म्याहून जास्त तर्रीची संमती लागते. मतलब सिंधुताई. कोणतीही पद्धत घ्या, बदलायले त्याच लागतात.”

“आणि त्या नाही भेटल्या तर?”

“गैरहजर राहिल्यावर रोज त्यांची थोडी थोडी तर्री कापली जाते. दोन-तीन हफ्ते में वो खुद ही नीचे आ जाएँगी.”

“लग्नाले गेलेल्या बाईचा वर्षभराचा घाम आपण बसून कापत राहायचा? हे कोणी टाकलं त्यात?”

“आपणच ठराव केला होता, काका. तुम्हीच अनुमोदन दिलं.”

भुसारींनी सिंधुताईंच्या वर्ध्याच्या भाच्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. भाच्यानं बँडच्या आवाजात निरोप ऐकला, तसाच मांडवात दिला आणि परत येऊन सांगितलं, “मावशी म्हणते विजेचं बिल भरलं आहे.” दुसऱ्यांदा फोन उचलला गेला नाही.

संध्याकाळी भुसारींनी पिशवी भरायला घेतली. मीनलताईंनी कारण ऐकलं आणि डब्यात पोळ्या बांधून दिल्या. “एक बटण दाबायले वर्ध्याले जाऊन राहिले,” त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. पोळ्यांवर लोणच्याची फोड जरा मोठीच ठेवली.

सकाळी दुर्ग स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर शेषराव आधीच उभे होते; बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. हातात छत्री, खांद्याला झोळी.

“तुम्ही कावून?” भुसारींनी विचारलं.

“तुम्ही एकटेच जाऊन सिंधुताईकडून काय मान्य करून आणान, कोणाले माहीत. साक्षीदार पाहिजे.”

गाडीत शेषरावांनी भुसारींना खिडकीपाशी बसू दिलं नाही, कारण ती सीट उन्हाची होती आणि ते भुसारींना कळत नव्हतं. डोंगरगडला चहा घेऊ दिला नाही, कारण गोंदियाचा चांगला होता. गोंदियाला गाडी थांबली आणि सुटली, तेवढ्यात चहावाला आलाच नाही. भुसारींनी कागद काढून रात्री अनिमेषशी बोलून ठरवलेली नवी पद्धत समजावायला घेतली. सदस्यांची पाळी लावायची. ज्याची पाळी, तो नोंद बघेल, आणि आणखी दोघं, जे चिठ्ठीनं निघतील, ते होकार देतील. पाळीवाला गप्प राहिला तर पाळी पुढच्याकडे. कोणाकडे जास्त तर्री आहे म्हणून कोणी मोठा नाही, आणि वीज म्हणाल तर ज्या फोनवर तुम्ही दिवसभर सुप्रभात पाठवता तोच फोन.

“म्हणजे माझीबी पाळी येईल?” शेषरावांनी विचारलं.

“येईल न.”

शेषराव खिडकीबाहेर बघू लागले.

वर्ध्याच्या मांडवात पंगत बसली होती. दोघांना आधी वरपक्षाचे समजून आग्रहानं बसवलं गेलं, मग वधूपक्षाचे समजून वाढायला उभं केलं गेलं. शेषरावांच्या हातात मठ्ठ्याची बादली आली आणि ती त्यांनी शेवटपर्यंत नेमानं फिरवली. अखेर सिंधुताई दिसल्या. भुसारींना हातात जिलेबीचं ताट घेऊन समोर उभे पाहून त्या जागीच थांबल्या.

“कोणी गेलं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही, नाही. सारे ठीक आहेत. तुमचं एक बटण पाहिजे.”

कपाटाची किल्ली नवरीच्या काकूकडे होती. ती मिळेपर्यंत तिघं मांडवाच्या मागे रचलेल्या खुर्च्यांपाशी बसले. भुसारींनी सगळी नवी पद्धत सांगितली. सिंधुताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती ऐकून घेतली.

“म्हणजे माझं काम काढून घेऊन राहिले,” त्या म्हणाल्या.

“काढून नाही, वाटून.”

“भाऊ, मी तुम्हाले एक सांगू? घरात भाजी कोणती करायची हेबी पोरं ठरवतात. घर विकायचं ठरलं तेव्हा मले सही करतानी कळलं. आणि इथं मी हो म्हटल्याबिगर शिकलेसवरले माणसं थांबून राहायचे. चहा प्याले का म्हणून मी विचारो, न ते खरं सांगायचे. मी कावून सोडू ते?”

भुसारींनी कागदावर सगळ्या शंका लिहून आणल्या होत्या, ही त्यात नव्हती. त्यांना सिंधुताईंवर रागवावंसंही वाटेना. आपण वर्षभर विजेचाच हिशेब करत बसलो, या बाईनं काय जमवलं ते पाहिलंच नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात शेषराव म्हणाले, “उद्या मनकर्णाबाईचं ऑपरेशन आहे. सोबतीची नोंद अडकली तुमच्याकडे. कोणाले फुकट नेत नाही म्हणतात.”

सिंधुताई उठल्याच. “हे आधी नाही सांगायचं? पाळी-चिठ्ठीचं पुराण लावून बसले.”

काकूला शोधून, किल्ली घेऊन, कपाट उघडून त्यांनी फोन काढला. तो बंद पडला होता. मांडवाच्या विजेवर तो चार्जिंगला लावला, आणि तो सुरू होईपर्यंत भुसारी समोर उभे राहून मोठमोठे फोकस बघत होते. एकही बंद करायला त्यांनी सांगितलं नाही. सिंधुताईंनी मनकर्णाबाईंची नोंद काढली आणि मान्य केली. मग त्यांनी अनिमेषनं पाठवून ठेवलेला नव्या पद्धतीचा ठराव उघडला, दोनदा वाचला, अंगठा वर धरून ठेवला.

“पाळीत माझं नाव पहिलं लागेल?”

“पहिलं लावतो.”

“आणि चहाचं मी विचारत जाईन. पाळी कोणाचीबी असो.”

“विचारा.”

त्यांनी बटण दाबलं. मग बॅग भरायला घेतली. भाचीची पाठवणी झाल्याशिवाय जाऊ नये असं चार बायांनी सांगून पाहिलं. सिंधुताईंनी भाचीला जवळ घेतलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या दोघांच्या पुढे चालू लागल्या. परतीच्या गाडीत सोबतीच्या नोंदीपुढे त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं.

रायपूरच्या हॉस्पिटलात नाव पुकारलं गेलं आणि मनकर्णाबाईंबरोबर तिघंही उठून उभे राहिले. नर्स म्हणाली, “मरीज के साथ एक ही जाएगा.” कोणी वाद घातला नाही. भुसारी बसले, मग शेषराव बसले, आणि सिंधुताई बाईंचा हात धरून आत गेल्या. दार बंद झालं. दोघं पुरुष बराच वेळ समोरच्या भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत राहिले. शेवटची ओळ मोठ्यानं कोण बरोबर वाचतो यावर त्यांचं एकदा थोडं वाजलंही.

दुपारी बाई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बाहेर आल्या. चेहरा दमला होता, पण पाय जमिनीवर नीट पडत होते. बाकावर टेकल्या टेकल्या त्यांनी फोन मागितला.

“आता कायले?” सिंधुताई म्हणाल्या. “डोळ्यावर ताण नको.”

“एक उघडा आहे न. तुमची तर लागलीच. या दोघायची लावायची आहे. हे बी सकाळपासून बसून आहेत.”

“आम्ही नुसतेच बसलो होतो,” भुसारी म्हणाले.

“मीबी वर्षभर नुसतीच बसत होती लोकायच्या जवळ,” बाई म्हणाल्या. त्यांनी सिंधुताईंकडून दोन नोंदी करून घेतल्या.

नव्या पद्धतीत चिठ्ठी निघाली. पाळी पहिली सिंधुताईंची. त्यांनी दोघांनाही मधे चहाला गेला होतात का ते विचारलं, खरं उत्तर घेतलं, अर्धा तास वजा केला आणि मान्य केलं. भिलाईहून अनिमेषचा होकार आला. भुसारींच्या नोंदीला तिसरं नाव निघालं ते शेषरावांचं.

शेषरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि नोंद वाचली. मग पुन्हा वाचली. समोरून एक स्ट्रेचर गेलं, एक पोरगी रडत गेली, चहावाला येऊन गेला. भुसारी तक्त्यावरची मधली ओळ वाचत असल्याचं दाखवत होते. ‘नुसताच बसला होता’ हे वाक्य शेषराव आता बोलणार याची त्यांना खात्री होती, आणि त्याला काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी तयार ठेवलं होतं.

“चला,” शेषराव फोन खिशात घालत उठले. “दुर्गची लोकल आहे आता. ही सुटली का मग थांबा.”

भुसारींनी आपला फोन काढला. नोंद हिरवी झाली होती. खाली लिहिलं होतं, मान्य, शेषराव गावंडे. भुसारींनी ते वाचलं, फोन जरा दूर धरून पुन्हा वाचलं, आणि मनकर्णाबाईंची पिशवी उचलून ते शेषरावांच्या मागे चालू लागले.